बुजऱ्या घोड्याचे शिक्षण: घोडा आमच्याकडे सोपवण्याआधी वाचा

आमच्याकडे शिकायला येणारे घोडे साधारण दोन वाटांनी येतात. काही सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारातून घेतलेले मारवाडी, काठियावाडी नाहीतर देशी घोडे असतात. बाकीचे मुंबई-पुण्याच्या रेसमधून उतरलेले थरोब्रेड. मालकांची तक्रार मात्र एकच असते: घोडा गुणी आहे, पण बुजतो. उसाची ट्रॉली दिसली की आडवा होतो, तंग (जीन बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना पाठ फुगवतो, कानाला हात लावू देत नाही, बुलेटचा आवाज आला की उधळतो.

असा घोडा अमुक दिवसांत तयार करून देऊ, असे आम्ही कोणालाही लिहून देत नाही. आमचे शुल्क महिन्यावर आहे. काही घोडे सहा आठवड्यांत रस्त्यावर शांत चालतात, काहींना पाच महिने लागतात. मधल्या काळात बहुतेक घोडे एकदा तरी मागे जातात, म्हणजे शिकलेले विसरल्यासारखे वागतात. ते का होते आणि त्या वेळी आम्ही काय करतो, हे तुम्हाला आधीच माहीत असलेले बरे.

आधी दुखणे तपासा

बाजारात दिवसभर उभा राहिलेला, थकलेला आणि पाणी कमी प्यायलेला घोडा शांत दिसतो. घरी येऊन दोन दिवस पोटभर खाल्ले की त्याचा खरा स्वभाव दिसू लागतो. या फरकाला फसवणूक म्हणायचे की आपली घाई, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण 'स्वभाव' म्हणून ज्या तक्रारी येतात त्यांतल्या पुष्कळ दुखण्यातून आलेल्या असतात. म्हणून पशुवैद्याची तपासणी झाल्याशिवाय आम्ही शिकवणी सुरू करत नाही.

तोंड: घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि त्यांच्या कडा धारदार होतात. वरच्या दाढांची धार गालाला कापते, खालच्यांची जिभेला. असा घोडा लगाम लागताच मान झटकतो. दाढा वर्षातून एकदा घासून घ्याव्या लागतात.

पाठ: जीन बसते त्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथे पूर्वी जीन लागून जखम झाली होती, असे समजा. अर्ध्या तासाच्या कामानंतर जीन काढून घामाचा ठसा पाहा. घामाने ओल्या पाठीवर एखादाच कोरडा डाग उरला असेल, तर बहुधा तिथे दाब जास्त पडतो आहे. स्वार बसल्यावर जिनीचा पुढचा उंचवटा आणि घोड्याचा खांदा (मानेच्या मुळाशी पाठीवरचा उंचवटा) यांत दोन ते तीन बोटे जागा हवी. रेसच्या घोड्याचा खांदा उंच असतो, त्यामुळे देशी घोड्यासाठी शिवलेली जीन त्याला हमखास लागते.

पोट: घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, खाणे चालू असो वा नसो. सकाळ-संध्याकाळ चंदी (दाणा) आणि मधले आठ तास रिकामी गव्हाण असा दिनक्रम असेल तर जठरात व्रण होतात. असा घोडा तंग आवळताना चावायला येतो. 350 ते 400 किलोच्या घोड्याला दिवसाला किमान 6 किलो सुका चारा लागतो, तोही तीन-चार वेळा विभागून. चंदी एका वेळी दोन किलोच्या वर नको. मीठ रोज साधारण 30 ग्रॅम. पाणी 25 ते 40 लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चंदी वाढवली आणि काम घटवले, तर अंगात साठलेला जोर कुठूनतरी बाहेर पडणारच, आणि त्याचे खापर शिकवणाऱ्यावर फुटते.

खूर: नालबंदाची फेरी पाच ते सहा आठवड्यांनी हवी. वाढलेल्या खुरांचा घोडा ठेचकाळतो, आणि ठेचकाळणारा घोडा उतारावर घाबरतो.

पहिला आठवडा

पहिले सात दिवस पाठीवर कोणी बसत नाही. एकच मोतद्दार (घोडा सांभाळणारा माणूस) चारा, पाणी आणि खरारा (अंग घासणे) करतो, रोज त्याच वेळेला. घोडा आडवा होऊन झोपतो का, लीद नेहमीसारखी आहे का, ते तो पाहतो. विश्रांतीतली नाडी मिनिटाला 28 ते 44 असायला हवी. जबड्याखाली बोट ठेवून ती मोजता येते. हा आकडा नोंदवून ठेवला की पुढे घोडा किती घाबरला आणि किती वेळात सावरला, हे अंदाजाने सांगावे लागत नाही.

मोरकीचे, म्हणजे तोंडाला बांधलेल्या दोरावरून घोडा चालवण्याचे, काम याच आठवड्यात सुरू होते. दोर सुती, बोटाएवढा जाड, चार मीटर लांब. तो हाताला कधीही गुंडाळायचा नाही. घड्या घालून मुठीत धरायचा. दोरावर हलका ताण द्यायचा, आणि घोड्याने एक पाऊल पुढे टाकले की त्याच क्षणी ताण सोडायचा. घोडा शिकतो ते ताण सुटण्यातून. दोन सेकंद उशीर झाला तर त्या दोन सेकंदांत त्याने जे काही केले, मान झटकली किंवा मागे सरकला, तेच बरोबर होते असे तो समजतो. याच रीतीने थांबणे, दोन पावले मागे जाणे आणि मान खाली घेणे शिकवले जाते. मान खाली आणणे साधे वाटते, पण पुढच्या प्रत्येक भीतीच्या वेळी तेच कामाला येते.

डाव्या बाजूने शिकवलेले सगळे उजव्या बाजूने पुन्हा शिकवावे लागते. याला पर्याय नाही.

ताडपत्रीचा धडा

मालकांना सगळ्यात जास्त पाहायचा असतो तो हा भाग, आणि घरी करून पाहताना सगळ्यात जास्त बिघडतो तोही हाच.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची पट्टी दिसत नाही. त्यामुळे बाजूला किंवा मागच्या कोपऱ्यात काही हलले की ते काय आहे हे ओळखण्याआधी त्याचे पाय सुटतात. त्याला आपण हट्टी म्हणण्यात अर्थ नाही. पाय सुटण्याआधीच्या क्षणी काय करायचे, ते शिकवता येते.

सुरुवातीला ताडपत्रीची हातरुमालाएवढी घडी. मदतनीस ती घेऊन दहा मीटरवर उभा राहतो आणि घोड्यापासून दूर चालू लागतो. घोडा त्याच्यामागे येतो. अंगावर येणाऱ्या वस्तूची भीती वाटते, दूर जाणाऱ्या वस्तूचे कुतूहल वाटते. चार-पाच फेऱ्यांनंतर बरेच घोडे स्वतःहून नाक पुढे करतात. मग मदतनीस थांबतो. घोड्याला हुंगायचे असेल तर हुंगू द्यायचे, नसेल तर राहू द्यायचे.

यानंतर वस्तू घोड्याकडे न्यायची, पण पाय हलण्याआधी मागे घ्यायची. कुठे थांबायचे हे घोड्याचे अंग सांगते: मान ताठ होते, नाकपुड्या फुगतात, डोळ्यावर सुरकुती येते, ओठ आवळले जातात, श्वास थांबतो. मारवाडी घोड्याचे आत वळलेले कान तर घड्याळाच्या काट्यासारखे दिशा दाखवतात. श्वास थांबला की आपणही थांबायचे. त्याने फुरफुर केली, मान खाली घेतली, जीभ-ओठ चाटले की वस्तू दूर न्यायची. एका सत्रात अशा पाच ते सात फेऱ्या, एकूण पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा. त्याहून जास्त केल्याने फायदा होत नाही.

आता चूक कुठे होते ते पाहा. घोडा दचकून बाजूला उडी मारतो आणि मदतनीस घाबरून ताडपत्री लगेच मागे घेतो. पळालो की संकट टळते, हे घोड्याने त्या एका क्षणात शिकून घेतले. पुढच्या वेळी तो आधीच उडी मारतो. म्हणून पाय हलले तर वस्तू जवळ न्यायची नाही आणि मागेही घ्यायची नाही. ती आहे तिथेच स्थिर धरायची. दोर ढिला ठेवून घोड्याला आपल्याभोवती फिरू द्यायचे. पाय थांबले आणि एक श्वास सुटला की मग वस्तू बाजूला न्यायची. पुढची फेरी दुप्पट अंतरावरून सुरू करायची, कारण अंतर चुकले होते ते आपले.

दुसरी चूक म्हणजे घोडा खांबाला बांधून त्याच्या अंगावर ताडपत्री टाकणे. दहा मिनिटांनी तो धडपड सोडून उभा राहतो आणि पाहणाऱ्यांना वाटते, सवय झाली. तो निव्वळ हतबल झालेला असतो. असा घोडा आठवडाभराने दोर तोडतो, नाहीतर स्वतःची मान जायबंदी करून घेतो.

एका पायरीवर सलग तीन फेऱ्या शांत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीही तसेच झाले, तरच पुढची पायरी: घडी उलगडणे, मग जमिनीवर पसरणे, कडेने चालणे, वरून चालणे आणि शेवटी वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री. सलग दोन फेऱ्या बिघडल्या तर एक पायरी खाली यायचे.

घोडा मागे जातो तेव्हा

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मालकाचा फोन येतो तो बहुधा यासाठी: परवा ताडपत्रीवरून चालत होता, आज पहिल्या दिवसासारखा करतो आहे. अशा दिवशी आम्ही नवे काहीच शिकवत नाही. वहीतले मागचे तीन दिवस उघडतो. वहीत रोज सहा गोष्टी असतात: वेळ, जागा, हवा, चारा, काय केले आणि कुठे बिघडले. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते.

सगळ्यात जास्त आढळणारे कारण म्हणजे जागा बदलली. मैदानातली निळी ताडपत्री आणि रस्त्याकडेच्या टपरीवरची निळी ताडपत्री या घोड्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. नव्या जागी पहिल्या पायरीपासून सुरू करावे लागते. फक्त या वेळी आठ दिवसांचे काम दोन दिवसांत होते. दुसरे कारण, आपण एकदम दोन गोष्टी बदलल्या: ताडपत्री मोठी केली आणि त्याच दिवशी स्वारही बसवला. तिसरे, दुखणे: नवी नाल, हललेली जीन, घोडी माजावर असणे. जोराचा वारा सुटलेल्या दिवशी घोड्याला आवाजाची दिशा नीट लागत नाही. त्या दिवशी चांगले घोडेही बुजतात, त्याची नोंद करून विषय सोडून द्यावा.

कारण सापडो वा न सापडो, उपाय एकच. जी पायरी शेवटची स्वच्छ झाली होती तिच्यावर जायचे, ती दोनदा करवून घ्यायची आणि थांबायचे. 'आज जमवूनच सोडतो' या हट्टाने त्या दिवशी अर्धा तास जिंकता येतो, पण पुढचे पंधरा दिवस हातचे जातात.

काही मालक विचारतात की वारीत लाखो माणसांमध्ये, टाळ-मृदंगाच्या गजरात माउलींचे अश्व रिंगणात धावतात, मग आमचाच का बुजतो? ते अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात, हे लक्षात घ्या. रोज नवे गाव, नवी माणसे, नवा आवाज, आणि सोबत ओळखीची माणसे. सवय लावण्याची याहून चांगली रीत आम्हाला ठाऊक नाही.

रेसमधून आलेल्या घोड्याबद्दल

त्याला बुजरा म्हणण्याआधी तो काय शिकून आला आहे ते पाहा. रेसमध्ये लगाम ताणला की घोडा त्यावर भार टाकून वेग वाढवतो. तुम्ही थांबवण्यासाठी ओढता, तो ते पळण्याची खूण समजतो. त्याला ताण-सोड, ताण-सोड या रीतीने थांबणे नव्याने शिकवावे लागते. स्वार चढताना स्थिर उभे राहण्याचीही त्याला सवय नसते, कारण तिथे बऱ्याचदा चालत्या घोड्यावर स्वाराला वर उचलून बसवतात. चंदी एकदम तोडू नका. सात ते दहा दिवसांत थोडी थोडी कमी करत चारा वाढवा.

जे आमच्याकडे होत नाही

काटेरी लगाम, पाय बांधून पाडणे, कान पिळणे. ओझी वाहणाऱ्या आणि गाडीला जुंपलेल्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत काटेरी लगामाला बंदी आहेच. नाचाचा घोडा तयार करून मागू नका. तीन वर्षांखालच्या शिंगरावर स्वार बसवणार नाही.

स्वार आणि जीन मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझे आम्ही टाकत नाही. वजनकाटा नसेल तर फीत घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. त्याचा वर्ग करून त्याला खांद्याच्या छातीकडच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 165 आणि लांबी 155 असेल तर वजन साधारण 355 किलो. म्हणजे जिनीसकट 71 किलोपर्यंत. ऐंशी किलोच्या मालकाने या घोड्यावर बसण्याचा आग्रह धरला तर आम्ही नम्रपणे नाही म्हणू.

घरी नेताना आणि नंतर

शेवटच्या दोन आठवड्यांत मालकाने किंवा घरच्या मोतद्दाराने किमान चार सत्रांना हजर राहायचे आहे. घोडा आमचे हात ओळखतो, तुमचे नाही. शब्द तेच वापरा: चल, थांब, मागे. घरात तिघेजण तीन वेगळे शब्द वापरत असतील तर चूक घोड्याची नाही.

टेम्पोत चढवताना आत दिवा लावा. उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याच्या डोळ्याला सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि फळीवर अडण्याचे ते मोठे कारण असते. घरी पहिले दोन दिवस फक्त चारा-पाणी. मग आमच्या वहीतल्या पहिल्या पायरीपासून दहा दिवस उजळणी, रोज वीस मिनिटे. लग्नाची वरात, ढोल-ताशा आणि फटाके पहिले दोन महिने नकोत. दिवाळीत घोडा आत ठेवा, गव्हाण भरलेली असू द्या, आणि ओळखीचे एक माणूस जवळ थांबू द्या.

येताना आणायच्या वस्तू: धनुर्वाताच्या लसीची नोंद, ग्लँडर्सची (घोड्यांचा एक संसर्गजन्य आजार) चाचणी नकारात्मक असल्याचा अहवाल (तो यायला दिवस लागतात, नमुना आधीच द्या), घोड्याची नेहमीची मोरकी आणि जीन, आणि तो सध्या खात असलेला चारा-चंदी आठ दिवस पुरेल इतकी. तंग, रिकिबी (स्वाराने पाय ठेवायच्या कड्या) आणि लगामाच्या वाद्या तुमच्या असल्या तरी चालतील; शिवण उसवली असेल तर आम्ही त्या वापरणार नाही.