प्रलंबित मागण्यांची पडताळणी, सैनिकी

कोठाराकडे नोंदवलेल्या, पण पुरवठा न झालेल्या साहित्याची गरज अजून उरली आहे का, हे मागणीदाराकडून ठरावीक काळाने खातरजमा करून घेण्याची पद्धत. भारतीय डेपोंत अशा थकित मागण्यांना ‘ड्यूज आउट’ म्हणतात.

पद्धतीचा आरंभ सामान्यतः अमेरिकी संरक्षण खात्याच्या साहित्य मागवण्या-देण्यासंबंधीच्या ‘मिलस्ट्रिप’ नियमावलीशी (अंमल १ जुलै १९६२) जोडतात. तथापि लेजरमधील येणे-देणे हाताने जुळवण्याची चाल त्याहून जुनी असल्याने १९६२ हे प्रमाणीकरणाचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मिलस्ट्रिपमधील मागणीचा क्रमांक १४ स्थानांचा असतो : ६ मागणीदाराची, ४ तारखेची (वर्षाचा अखेरचा अंक व वर्षातील कितवा दिवस), ४ अनुक्रमाची. ही काटकसर ८० रकान्यांच्या पंचकार्डातून (छिद्रे पाडून माहिती नोंदवण्याचे कार्ड) आली. अग्रक्रम १ (सर्वांत तातडीचा) ते ८ ची मागणी ३० दिवसांनी, ९ ते १५ ची ७५ दिवसांनी जुनी, म्हणजे पडताळणीयोग्य, धरतात. कोठाराची विचारणा ‘एएन’ मालिकेतील, तर उत्तर ‘एपी’ मालिकेतील संदेशाने जाते. उत्तर आलेच नाही, तर ‘बीएस’ संकेत लावून मागणी रद्द होते. ६० दिवसांच्या आत ती पुन्हा जिवंत करून घेता येते.

पद्धतीचे मर्म आणि दुखणे, दोन्ही उत्तराअभावी मागणी रद्द करण्याच्या या तरतुदीत आहेत. तुकडी हलली किंवा विचारणा चुकीच्या पत्त्यावर गेली, तर खरी गरजही रद्द होते. रद्द होण्याच्या धास्तीने सरसकट ‘हवे आहे’ कळवले, तर पडताळणी नुसती कागदावर राहते. पुढे कार्डांची जागा ‘५१७ एम’ या इलेक्ट्रॉनिक विचारणेने घेतली. वेग वाढला, पण उत्तर देणाऱ्याचा निर्णय सुधारतोच असे नाही.

भारतातील उदाहरण पाहता, नाशिक जिल्ह्यात ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना (१९६४, मिग-२१ साठी) आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. ओव्हरहॉलमध्ये (विमान उघडून केलेल्या संपूर्ण दुरुस्तीत) सुट्या भागांची मागणी बरीच आधी, अंदाजाने नोंदवावी लागते. विमान उघडल्यावर त्यातले काही भाग चालण्याजोगे निघतात. त्यामुळे अशा ठिकाणी तिमाही फेरीपेक्षा विमान उघडून झालेल्या तपासणीलाच पडताळणी जोडणे श्रेयस्कर. हवाई दलाच्या ‘इमॉल्स’ या संगणकीय साहित्य-प्रणालीमुळे मागणीची स्थिती तळावरूनच पाहता येते. परदेशी पुरवठादाराशी करार झाल्यावर मात्र मागणी मागे घेऊन फारसे वाचत नाही.