लांडग्याच्या डोक्यावरची टोपी

पलंगावर दोघं शेजारी शेजारी आहेत. एक लहान मुलगी, केस मोकळे, पांघरूण छातीशी घट्ट धरलेलं, नजर तिरकी. आणि तिच्याशेजारी झालरीची टोपी घातलेला लांडगा. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरे याने शार्ल पेरोच्या परीकथांसाठी काढलेलं हे चित्र १८६२च्या आवृत्तीतलं. गोष्ट लाल टोपीवाल्या मुलीची: ती आजीला भेटायला जाते आणि आजीच्या पलंगात तिला लांडगा भेटतो.

अर्थ लावायला बसलं की आपण आधी लाल रंगच धरतो. मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी १९५१मध्ये तेच केलं. त्यांच्या मते लाल टोपी म्हणजे मासिक पाळी, आणि ‘बाटली फुटू देऊ नकोस’ ही आईची ताकीद म्हणजे कौमार्य जपण्याची सूचना. वाचताना पटतं. पण १९८४मध्ये इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी यातली मोठी चूक दाखवून दिली. फ्रेंच शेतकरी ही गोष्ट तोंडी सांगत तेव्हा तिच्यात लाल टोपीही नव्हती आणि बाटलीही नव्हती. टोपी आली पेरोच्या १६९७च्या पुस्तकातून, बाटली ग्रिम बंधूंच्या १८१२च्या जर्मन कथेतून. जे मुळात नव्हतंच, त्यात फ्रॉम लोकमानसाचं गुपित शोधत होते.

आता पुन्हा चित्राकडे या. हे लाकडी ठशावरून छापलेलं आहे. डोरे ठोकळ्यावर चित्र काढायचा, कोरणारे कारागीर पांढरा ठेवायचा भाग कोरून काढायचे आणि उरलेल्या उंचवट्यांना काळी शाई लागायची. म्हणजे लाल रंग इथे असणं शक्यच नाही. शिवाय मुलीच्या डोक्यावर टोपीसुद्धा नाही!

मग आपल्याला लाल का दिसतं? सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. रशियन चित्रकार इल्या रेपिनचं एकच चित्र, पण प्रश्न वेगवेगळे: माणसांची वयं सांगा, घर किती सधन आहे ते सांगा, कपडे लक्षात ठेवा. प्रश्न बदलला की नजरेची वाटही बदलायची. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर जिथे मिळेल तिथेच डोळे पुन्हा पुन्हा जायचे. गोष्ट आधीच पाठ असलेला माणूस चित्रापुढे येतो तो असा प्रश्न घेऊनच. म्हणून मला वाटतं, प्रतीक ओळखण्याआधी ते कुणी ठेवलं हे विचारावं: सांगणाऱ्याने, लिहिणाऱ्याने, चित्रकाराने, की आपण?

पलंगाचं उत्तर सोपं आहे, तो पेरोचा. त्याच्या कथेत लांडगा मुलीला शेजारी येऊन झोपायला सांगतो, ती कपडे उतरवून अंथरुणात शिरते आणि शेवटी तो तिला खाऊन टाकतो. सोडवायला कुणी शिकारी येत नाही. शेवटच्या पद्यात पेरो तरुण मुलींना गोडबोल्या लांडग्यांपासून सावध राहायला सांगतो. चित्रातली अस्वस्थता आपण मागाहून चिकटवलेली नाही, ती मजकुरातच आहे.

लांडग्याच्या टोपीचं मात्र तसं नाही. पेरोचा लांडगा नुसता पांघरुणाखाली लपतो. आजीचे कपडे आणि टोपी चढवतो तो ग्रिम बंधूंचा लांडगा. पेरोच्या पुस्तकासाठी काढलेल्या चित्रात दुसऱ्याच कथेतली ही टोपी आली आहे, आणि डोरेने तिची चुणी न् चुणी मन लावून रेखाटली आहे. मुलीची तिरकी नजर वळली आहे तीही त्या टोपीखालच्या तोंडाकडे.