परसातला पेरू: वाण आणि बहार

कोल्हापुरात परसातला पेरू बहुधा न्हाणीच्या किंवा मोरीच्या सांडपाण्यावर वाढतो. पाण्याची ददात नसल्यामुळे झाड वर्षभर हिरवेगार राहते आणि फळांनी लगडतेही. मात्र ऐन पावसाळ्यात पिकणारी ती फळे पाणचट लागतात आणि चिरली की आत अळ्या वळवळताना दिसतात. मग दोष वाणाला दिला जातो. वाणाचा वाटा आहेच, पण पावसाळी मुलखात फळ कोणत्या महिन्यात पिकते, याचाही तितकाच आहे.

आधी वाणाचे पाहू. पेरूत साधारण एक तृतीयांश फुलांत परपरागीभवन (दुसऱ्या झाडाच्या परागाने फळधारणा) होत असल्याने बियांपासून वाढवलेले रोप मूळ झाडासारखेच निघेल याची खात्री नसते. म्हणून गुटी (झाडाच्या फांदीलाच मुळे फोडून) किंवा पाचर (दुसऱ्या रोपावर फांदी खोचून) पद्धतीने केलेले कलमच आणावे. घराजवळच्या एकुलत्या झाडासाठी 'सरदार' हा वाण मला सर्वांत भरवशाचा वाटतो. लखनौहून आणलेल्या बियाण्याच्या रोपांतून तो 1927 मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील केंद्रात निवडला गेला. 'लखनौ-49' हे त्याचेच दुसरे नाव. झाड बुटके व पसरट, फळ मोठे, साल किंचित खडबडीत, गर पांढरा आणि गोड असतो. बियांचा त्रास होणाऱ्यांनी बंगळूरच्या संशोधन संस्थेचा मऊ बियांचा 'अर्का मृदुला', तर गुलाबी गर आवडणाऱ्यांनी लखनौच्या संस्थेचा 'ललित' लावावा. हा गुलाबी रंग टोमॅटोतल्याच लायकोपिनचा असतो. बिनबियांच्या पेरूच्या मोहात मात्र पडू नये: अशा झाडांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्याने बी धरत नाही हे खरे, पण फळे वेडीवाकडी आणि मोजकीच लागतात.

बहाराचे, म्हणजे फुलण्याच्या हंगामाचे, मर्म फांदीच्या टोकाशी दिसते. पेरूला जुन्या लाकडावर थेट फूल येत नाही. छाटलेल्या फांदीवर कोवळा, चौकोनी देठाचा फुटवा निघतो आणि त्याच्या पहिल्या काही पानांच्या बगलेत कळ्या धरतात. म्हणजे फुटवा केव्हा काढायचा हे ठरवले की फळाचा महिना ठरतो, कारण फुलापासून तोडणीपर्यंत साधारण चार ते पाच महिने लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणाऱ्या आंबे बहाराची फळे नेमकी पावसात सापडतात. त्याऐवजी उन्हाळ्यात सांडपाणी दुसरीकडे वळवून झाडाला ताण द्यावा, आलेली फुले खुडावी आणि मेच्या सुरुवातीला फांद्यांचे शेंडे छाटावेत. नंतर आळ्यात शेणखत घालून पाणी सुरू केले की जून-जुलैत मृग बहार फुलतो आणि नोव्हेंबरपासून पुढे, थंडीत, फळे हाती येतात. त्या वेळी आकाश निरभ्र असते, पानांना ऊन पुरेसे मिळते, रात्री गार असतात. त्यामुळे साखर चांगली भरते आणि फळमाशीचा जोरही ओसरलेला असतो.

फळमाशीची मादी पिकू लागलेल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते आणि पूर्ण वाढलेली अळी कोषात जाण्यासाठी मातीत शिरते. म्हणूनच गळालेली फळे झाडाखाली कुजू देणे हे तिची पैदास पोसण्यासारखे आहे. ती रोज उचलून खोल पुरावीत. नर माशांना भुलवणाऱ्या मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात फक्त नर अडकतात, तेव्हा केवळ त्यावर विसंबू नये. दोन-चार फांद्यांची फळे लिंबाएवढी झाल्यावर त्यांना कागदी पिशव्या बांधणे घरच्या माणसाला सहज जमते.

जमिनीबाबत पेरू फारसा हटवादी नाही. नदीकाठच्या काळ्या मातीत तो येतो, गगनबावड्याकडच्या तांबड्या मातीतही येतो. काळ्या मातीत मात्र पाणी साचत असेल तर उंचवटा करून कलम लावावे आणि पाचर कलम असेल तर त्याचा जोड मातीच्या वर ठेवावा. जोडाखालून येणारे फुटवे दिसताच काढावेत, नाहीतर वर्षभरात सरदार मागे पडून खुंटाचेच, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या रोपाचेच, झाड डोके वर काढते.