कर्करोग-संशोधनाचे प्रशिक्षण: विद्यार्थ्यांची पुढील वाटचाल आणि कार्यक्रमाचा परिणाम

विद्यार्थ्यांना सुट्टीच्या काळात काही आठवडे कर्करोग-संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करू देणारे कार्यक्रम अमेरिकेत अनेक वर्षे चालू आहेत आणि तेथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट त्यांतील अनेकांना 'आर-२५' या अनुदान-प्रकारातून पैसा पुरवते. त्यांच्या अहवालांत 'आमच्या इतक्या टक्के माजी विद्यार्थ्यांनी पुढे संशोधन किंवा वैद्यक निवडले' अशा धाटणीचे वाक्य हमखास भेटते. ते वाचताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. विद्यार्थी पुढे कोठे पोहोचले, ही एक गोष्ट. ते तेथे या कार्यक्रमामुळे पोहोचले का, ही दुसरी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चिकाटीने ठेवलेल्या नोंदींतून मिळते, पण तेही सहज हाती लागत नाही. शोधनिबंधांच्या सूचीत माजी विद्यार्थिनीचे नाव शोधू लागावे, तर लग्नानंतर तिचे आडनाव बदललेले असते, किंवा त्याच नावाच्या अनेक जणी समोर येतात. संशोधकाला कायमचा क्रमांक देणारी 'ऑर्किड' ही सोय २०१२ साली सुरू झाली. त्याआधी बाहेर पडलेल्यांचा माग बहुतेक नावावरूनच काढावा लागतो. पत्रे पाठवून विचारावे, तर ज्यांचे बरे चालले आहे तेच उत्साहाने उत्तर देण्याचा संभव अधिक. समजा, २०० माजी विद्यार्थ्यांपैकी ८० जणांनी उत्तर दिले आणि त्यांतील ६० संशोधनात आहेत. अहवालात ७५ टक्के छापता येतील. पण उत्तर न देणाऱ्यांपैकी कोणीच संशोधनात नसेल, तर खरा आकडा ३० टक्केच ठरतो. म्हणून टक्केवारीपेक्षा तिचा छेद आधी पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

काळाची अडचण याहून मोठी आहे. अमेरिकेत संशोधकाला स्वतंत्रपणे मिळणारे पहिले मोठे सरकारी अनुदान सरासरीने वयाची चाळिशी उलटल्यावर हाती येते, म्हणजे विशीतल्या विद्यार्थ्याने त्या अर्थाने 'शास्त्रज्ञ' होईपर्यंत दोन दशके लोटतात. प्रशिक्षण-कार्यक्रमाला मिळणाऱ्या अनुदानाची मुदत मात्र फार तर पाच वर्षांची असते.

दुसरा प्रश्न अशा नोंदी कितीही काटेकोर ठेवल्या तरी सुटत नाही. निवड होते ती गुण, शिफारसपत्रे आणि 'मला संशोधन का करायचे आहे' या निबंधावरून. म्हणजे संशोधनाकडे मुळातच ओढा असलेली मुलेच आत येतात. ती पुढे संशोधक झाली, तर त्यात ओढ्याचा वाटा किती आणि प्रयोगशाळेतल्या उन्हाळ्याचा किती? त्यासाठी तुलना हवी, आणि तीही साऱ्या तरुण लोकसंख्येशी नव्हे, तर ज्यांनी अर्ज केला, जे जवळजवळ निवडले गेले, पण ज्यांना प्रवेश मिळाला नाही, त्यांच्याशी.

अशी तुलना झालेली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये तरुण डॉक्टरांसाठी संशोधन-प्रशिक्षणाचा एक कार्यक्रम होता आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करी सेवेला पर्याय म्हणून त्याकडे अर्जांचा ओघ लागला होता. पुढे अर्बुद-जनुकांच्या, म्हणजे कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणाऱ्या जनुकांच्या, शोधासाठी १९८९ चे नोबेल मिळवणारे हॅरल्ड व्हार्मस आणि मायकेल बिशप हे दोघेही तेथे शिकले. दोन नोबेल-विजेत्यांची नावे ही वाटचालीची नोंद झाली. परिणामाचा पुरावा नव्हे. तो २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला. त्यात निवडल्या गेलेल्या डॉक्टरांची तुलना प्राथमिक चाळणीतून पार पडूनही अखेर न निवडल्या गेलेल्यांशी केली होती, आणि प्रशिक्षितांनी संशोधनप्रधान पद स्वीकारण्याची शक्यता सुमारे दुप्पट दिसली. पीएचडीनंतरच्या फेलोशिपबाबत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिणाम बराच माफक निघाला: अनुदान मिळण्याच्या सीमारेषेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्यांची तुलना करता, पुढील पाच वर्षांत सुमारे एक शोधनिबंध अधिक, म्हणजे जवळपास २० टक्क्यांची वाढ. आणि हे दोन्ही दीर्घ मुदतीचे, पदवीधरांसाठीचे उपक्रम. त्यांचे निष्कर्ष शाळकरी मुलांच्या सुट्टीतल्या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणावर सरसकट लागू करणे मला धोक्याचे वाटते.

परिणाम सिद्ध झाला नाही म्हणून वाटचालीची नोंद निरुपयोगी ठरत नाही. मुले कोणत्या टप्प्यावर गळतात, ज्यांच्या घरात आधी कोणी महाविद्यालयात गेले नाही ती टिकतात का, हे तिच्यातूनच कळते आणि कार्यक्रम त्याप्रमाणे सुधारता येतो. एखादी विद्यार्थिनी संशोधक न होता कर्करोगतज्ज्ञ झाली आणि आपल्या रुग्णांना नव्या उपचारांच्या योग्य त्या वैद्यकीय चाचण्यांत सहभागी होण्याचा मार्ग दाखवू लागली, तर तिला 'गळती' या रकान्यात टाकणे मला अन्यायाचे वाटते. यशाची व्याख्या आकडे गोळा करण्याआधीच ठरवायला हवी.

परिणाम मोजायचा असेल, तर मात्र तयारी पहिल्याच वर्षापासून लागते. प्रवेश न मिळालेल्यांचे अर्ज सहसा निवड संपताच दप्तरातून बाद होतात. निवड होवो वा न होवो, पुढील वीस वर्षे अधूनमधून संपर्क साधण्याची संमती अर्जातच मागितली, अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांचीही घेतली आणि जवळजवळ सारख्या गुणवत्तेच्या अर्जदारांतून शेवटच्या काही जागा चिठ्ठ्या टाकून भरल्या, तर प्रवेश न मिळालेल्यांचा तोच गट पुढे खऱ्या तुलनेला उपलब्ध राहील.