हिरवळीवरील कवकजन्य रोग

बागा, क्रीडांगणे व गोल्फची मैदाने यांवरील वारंवार कापल्या जाणाऱ्या गवताला कवकांमुळे (बुरशीमुळे) होणारे रोग. पाण्याचा ताण, कुत्र्याचे मूत्र किंवा कापणी यंत्राचे बोथट पाते यांमुळे पडलेले चट्टेही लांबून असेच दिसतात. म्हणून निदान चट्ट्यापेक्षा गवताच्या पात्यावरील व्रणावरून करणे बरे.

डॉलर स्पॉट हा यांतील सर्वाधिक अभ्यासलेला रोग. आखूड कापलेल्या गवतावर सु. ५ सेंमी.पर्यंतचे फिकट गोल ठिपके पडतात, पात्यावर तांबूस कडांचा, मध्ये निमुळता व्रण दिसतो आणि दव असताना पांढरे कवकजाल आढळते. नायट्रोजनाची कमतरता त्यास पोषक ठरते. १९२० च्या दशकापर्यंत तो तपकिरी चट्टा या रोगाचाच लहान प्रकार समजला जाई. कारक कवकाचे वर्गीकरण दीर्घकाळ वादग्रस्त होते. कवकवैज्ञानिक एफ. टी. बेनेट यांनी १९३७ मध्ये त्यास स्क्लेरोटिनिया होमिओकार्पा हे नाव दिले. परंतु स्क्लेरोटिनिया या प्रजातीचे (जातींच्या गटाचे) लक्षण असलेले खरे जालाश्म (कवकतंतूंच्या कठीण गुठळ्या) यात बनत नाहीत. बेनेट यांच्या ब्रिटिश नमुन्यांपैकी काहींत बीजुके (प्रजोत्पादक सूक्ष्म कण) आढळली, अमेरिकी व ऑस्ट्रेलियन नमुन्यांत मात्र नाहीत. त्यामुळे निर्णय लांबला. लान्झिया, मोलेरोडिस्कस व रुटस्ट्रोमिया या प्रजाती काहींनी सुचविल्या. डीएनए पुराव्यावर आधारलेली, २०१८ मधील क्लॅरिरीडिया ही नवी प्रजाती अधिक ग्राह्य वाटते. तिच्यात तेव्हा चार जाती मानल्या गेल्या, पैकी क्लॅ. जॅक्सोनी प्रामुख्याने थंड हवामानाच्या, तर क्लॅ. मॉन्टेथियाना उष्ण हवामानाच्या गवतांवर आढळते. जुन्या पुस्तकांतील नाव पाहताना हे ध्यानात ठेवावे.

तपकिरी चट्टा रायझोक्टोनिया सोलॅनीमुळे होतो. उबदार, दमट रात्री व नायट्रोजनाचा अतिरेक त्यास अनुकूल असून चट्टे कधीकधी मीटरभर रुंद होतात. पहाटे कडेला धुरकट वलय दिसते. पिथियम करपा पाण्याच्या उताराने पसरतो व पाती तेलकट दिसतात. पिथियम हे खरे कवक नसले, तरी त्याची गणना रूढीने येथेच होते. महाराष्ट्रातील हिरवळींत नेहमी आढळणाऱ्या हरळीवर पक्सिनिया सायनोडॉन्टिसमुळे तांबेरा पडतो. त्याची भुकटी बोटाला लागते.

मॅरॅस्मियस ओरिएडस इत्यादी छत्रकवकांची (अळंब्यांची) वलये मुख्यतः जमिनीतील सेंद्रिय द्रव्यावर वाढतात. गवताची हानी बहुधा कवकजालाने माती जलरोधी झाल्यामुळे होते. अशा जागी माती टोचून पाणी मुरविणे उपयुक्त ठरते.