सौर बंब न तापणे

गच्चीवरच्या सोलरला दिवसभर ऊन मिळूनही नळाला कोमट किंवा गार पाणी येणे. खानदेशात ही तक्रार थंडीच्या तोंडावर हमखास सुरू होते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत उन्हाला तोटा नाही. त्यामुळे दोष बहुधा पाण्याच्या वाटेत सापडतो, आणि लोक मात्र आधी काचेच्या नळ्या बदलायला काढतात. पाणी मुळात तापतच नाही, की तापलेले पाणी न्हाणीघरापर्यंत पोचत नाही, हे पहिल्यांदा ठरवावे.

त्यासाठी एक दिवस गरम पाणी न वापरता सायंकाळी पाचच्या सुमारास खालचा गरम नळ सोडून ठेवावा आणि टाकीतून निघणाऱ्या पाइपाला वरच हात लावून पाहावा. हात बेतानेच लावावा, कारण चांगल्या उन्हाच्या दिवशी पाणी ६० अंशांच्या पुढे जाते. वर चटका बसत असेल आणि खाली गार पाणी येत असेल, तर सोलर निर्दोष आहे.

अशा वेळी पहिला संशय मिक्सरवर, म्हणजे गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळावर घ्यावा. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून हँडशॉवर फक्त तोंडाशी बंद केला, की गार व गरम लायनी आतून जोडल्या जातात. गार लायनीला प्रेशर पंप असेल तर तिचे पाणी गरम लायनीत उलटे चढते आणि रात्रीतून टाकी निववून टाकते. मिक्सरच्या आतल्या झिजलेल्या कार्ट्रिजनेही हेच होते. तपासायला सोलरचा गार पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ सोडावा. थोडे पाणी येऊन धार तुटली तर ठीक. धार चालूच राहिली तर ते पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून येत आहे. एकेका मिक्सरचा गार कॉक बंद करत गेले, की दोषी मिक्सर सापडतो. गरम लायनीत एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवावा, पण झडपेचा. स्प्रिंगचा एनआरव्ही गच्चीवरच्या टाकीच्या कमी दाबाने नीट उघडत नाही.

दुसरा दोष म्हणजे पाइपात हवा धरणे. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत वरची टाकी रिकामी होते, पाइपात हवा शिरते आणि जिथे पाइप कमानीसारखा वर जाऊन खाली येतो तिथे अडकते. नळ फुसफुसतो, तुटक धार येते. टाकी काठोकाठ भरून सगळे गरम नळ एकदम सोडावेत. तरीही हवा न निघाल्यास कमानीच्या माथ्याचा जोड सैल करावा. काचेच्या नळ्यांऐवजी तांब्याच्या पट्ट्यांचे सपाट पॅनेल असेल, तर टाकीतले पाणी पॅनेलमधून येणाऱ्या परतीच्या पाइपाखाली गेले की पाण्याचे अभिसरणच थांबते; पॅनेल भाजते आणि टाकी गार राहते. टाकीवरचा हवेचा व्हेंट पाइप कधीही बुजवू नये. तो बंद झाला की टाकी आत चेपू शकते किंवा फुगून फुटू शकते.

बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर वेगळे होऊन बसतात. सपाट पॅनेलच्या उभ्या नळ्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या असल्याने त्या लवकर तुंबतात. २० लिटर पाण्यात १ किलो सायट्रिक ॲसिड घालून ते फेस थांबेपर्यंत फिरवावे व भरपूर पाण्याने धुवावे. फरशी धुण्याचे ॲसिड वापरू नये. त्यातल्या क्लोराइडने स्टीलच्या टाकीला बारीक छिद्रे पडतात.

काचेच्या नळीचा दोष डोळ्यांना दिसतो. निरोगी नळीच्या बुडाशी आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. नळीच्या दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली की तो दुधासारखा पांढरा होतो, आणि एरवी उन्हातही न तापणारी बाहेरची काच हाताला गरम लागते. तेवढीच नळी बदलावी: पहाटे, पाणी काढून, सिलिकॉनच्या रिंगला साबणाचे पाणी लावून, हलके पिळत. भर दुपारी तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी सोडल्यास ती तडकते.

सावलीचा दोष फक्त हिवाळ्यात दिसतो. २२ डिसेंबरला भर दुपारीही जळगावचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४५ अंशांवरच असतो. म्हणजे १ मीटर उंचीच्या कठड्याची सावली जवळपास १ मीटर पडते. मे महिन्यात बसवलेल्या सोलरला ती दिसलेलीच नसते. तोंड दक्षिणेला आणि उतार ३५ अंशांच्या आसपास हवा. काचेवरची धूळ पंधरवड्याला पुसावी, तीही सकाळी.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरावर आणखी एक अडचण येते. २०० लिटरचा सोलर पाण्यासह पाव टनाच्या वर जातो. स्टँडचा एक पाय मातीत खचला की टाकी कलते आणि वर उचललेल्या टोकाशी हवा साचते. म्हणून पाय मातीवर न टेकवता भिंतींवर टाकलेल्या लोखंडी गर्डरवर घ्यावेत.