मेलेलं शेवाळ दगडाच्या गोत्रातलं

"शेवाळ काय, झिओलाइट काय, दोन्ही घाण शोषून घेतात." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. शोषून घेणं म्हणजे नेमकं काय? खाणं की धरून ठेवणं? बेळगावच्या उद्यमबागेतला प्लेटिंगवाला, म्हणजे धातूचा मुलामा देणारा, याच शब्दापायी फसतो.

दगडाचं लवकर उरकतो, कारण जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर वापरणाऱ्याला ते ठाऊकच आहे. झिओलाइट हे बसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या खनिजांचं कूळ. त्याच्या सांगाड्यावर ऋण भार, म्हणून आत सोडियमसारखे धन आयन, म्हणजे धन भाराचे कण, बसलेले. निकेल किंवा जस्ताचं पाणी वरून गेलं की सोडियम सुटतो आणि धातू त्याची जागा घेतो. मिठाच्या पाण्याने धुवा, पुन्हा वापरा.

घोळ आहे तो शेवाळात. जिवंत शेवाळ खातं. नायट्रोजन, फॉस्फरस, कार्बन डायऑक्साइड घेऊन अंग वाढवतं, दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि त्यावर जिवाणू आपलं काम करतात. डेअरीच्या किंवा बळ्ळारी नाल्यात उतरणाऱ्या घरगुती सांडपाण्याला ते शोभतं. पण त्याला ऊन हवं, आणि आपल्याकडे आषाढात सूर्य दिसायची मारामार.

वाळवून दळलेलं शेवाळ काही खात नाही. पेशीच्या भिंतीवरच्या कार्बोक्सिल गटांना, म्हणजे ऋण भाराच्या जागांना, धातूचे धन आयन चिकटतात, बस्स. ऊन नको, खत नको. जिवंत शेवाळालाही थोडा धातू चिकटतो, पण तेवढ्यात ते मरायला टेकतं. म्हणून नाव शेवाळाचं असलं तरी ही पूड भाऊबंद झिओलाइटची.

ओळखीच्या एका पोराने कॉपरच्या धुवणीच्या टाकीत, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले भाग धुतात त्या पाण्यात, तळ्यातलं बादलीभर शेवाळ सोडलं. चौथ्या दिवशी टाकीत पिवळट लगदा. त्याला म्हटलं, "अरे, शेवाळ मारायलाच मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकतात. तुझ्या टाकीत दुसरं काय आहे?"

"मेलंच की आता, काका. मग चालतंय काय?"

प्रश्न बिनतोड होता. तत्त्वतः चालतंय! फक्त आम्लाच्या धुवणीचा सामू (पीएच) आधी चार-पाचपर्यंत आणायला हवा. सामू 2 असलेल्या पाण्यात हायड्रोजनचे आयनच सगळ्या जागा अडवून बसतात, तांब्याला पाट मिळत नाही. त्याच गुणामुळे नंतर सौम्य आम्लाने पूड धुतली की तांबं सुटून येतं. बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरमागे 3 मिलिग्रॅम तांब्याची मर्यादा आहे, आणि तेवढं तांबं डोळ्याला दिसत नाही. नितळ पाणी दाखवून "साफ झालं" म्हणणाऱ्यांना मी चहासुद्धा पाजत नाही.

क्रोमवाल्यांनी मात्र थांबावं. त्यांच्या पाण्यातलं षट्संयुज क्रोमियम (सहा संयुजेचं) ऋण आयन होऊन फिरतं, साध्या झिओलाइटला ते चिकटणार नाही. आधी आम्लात बायसल्फाइट घालून त्रिसंयुज (तीन संयुजेचं) करा, मग सामू वाढवून खाली बसवा. षट्संयुजाची मर्यादा लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम आहे.

आणि एक. तांबं हे मूलद्रव्य, ते कुजत नाही की जिरत नाही, नुसतं पाण्यातून पुडीत येतं. त्या पोराने लगदा वाळवून गोणीत भरला. "शेवाळच आहे, परसात टाकतो," म्हणत होता. गोणी मी शेडमध्येच ठेवायला लावली आणि घातक कचऱ्याच्या वहीत तिची नोंद करून घेतली.